सगळ्यांना बोनस

गप्प बसलं तर देवानंदला काय काय मिळणार, याची मांडणी क्लासचे मालक गोपाल सरांनी चहाचा कप पुढे सरकवता सरकवताच करून टाकली. रसायनशास्त्राचं विभागप्रमुखपद. निवडक बॅच त्याच्याकडे. सकाळी सहाच्या कंटाळवाण्या बॅचमधून सुटका. शिवाय बार्शीटाकळीच्या आईला शेजारणींपुढे सांगायला काहीतरी, कारण इतकी वर्षं ती बिचारी "पोरगा अमरावतीले ट्युशना घेते" याच्या पुढे जाऊ शकली नव्हती. गप्प नाही बसलं तर काय जाणार, ते गोपाल सर बोलले नाहीत. धमकी ते कधी स्वतः देत नसत. ती काय असेल ते समोरच्यालाच ओळखायला लावत.

"घ्या ना सर, निवून राहिला."

चहावर जाड साय धरली होती. देवानंदनं ती बोटानं बाजूला सारली आणि मग बोट कुठं पुसावं ते त्याला कळेना.

मुळात चूक त्याचीच. रविवारी निवड चाचणी झाली. पहिले तीस जण निवडक बॅचमध्ये जाणार, त्यांचं वसतिगृह आणि शिकवणी दोन्ही फुकट. पेपरात देवानंदचा एक लाडका प्रश्न होता: दोनशे चाळीस ग्रॅम चुनखडी तापवली, तिच्यातला सगळा कार्बन अखेर साखरेत गेला, तर साखर किती? असल्या प्रश्नात पोरं मधल्या अभिक्रिया लिहीत बसतात आणि बुडतात. देवानंद वर्षभर घसा कोरडा करून सांगे, "मधातलं मरू द्या. फक्त कार्बन मोजा. आत किती गेला, बाहेर तितकाच निंगला पायजे. मधात त्याले कोनी खात नाही." उत्तर अडुसष्ट पूर्णांक चार ग्रॅम, पर्याय दोन. उत्तरसूची टाईप करताना मात्र त्याच्या हातून दोनच्या जागी चार पडला. आणि पर्याय चार म्हणजे तीनशे बेचाळीस ग्रॅम! चुनखडीत कार्बन जेमतेम एकोणतीस ग्रॅम आणि एवढ्या साखरेत एकशे चव्वेचाळीस. कुठल्याही चुकीच्या रस्त्यानं गेलं तरी तिथं पोचता येत नव्हतं. तो पर्याय त्यानं जागा भरायला टाकला होता.

संपूर्ण वर्गात तो एकट्या ललितनं लिहिला होता. आणि ललित यादीत बरोबर तिसावा होता.

"ललितनं चार काहून मारला, सर?" देवानंदनं विचारलं.

"लागला असंन अंदाज."

"त्याच्या पेपरावर कच्चं काम एका ओळीचंही नाही."

"हुशार पोट्टे डोक्यातच करतात."

"डोक्यात केलं असतं तर दोन आला असता."

गोपाल सर मनापासून हसले. त्यांना हुशार माणसं आवडत, पगारावर ठेवलेली असली म्हणजे अधिकच.

"देवानंद सर, ही बिल्डिंग कोनाची हाय? महादेवरावाची. ललित कोनाचा पोरगा? महादेवरावाचा. उत्तरसूची कोनं बनवली? तुमी. चुकली कोनाची? तुमची. मंग आता बोंबलाचं कोनी, सांगा."

म्हणजे उत्तरसूची चाचणीआधीच घरमालकाच्या घरी पोचली होती. आणि पोरगा इतका ऐदी, की दिलेली उत्तरं एकदा तपासायचेही कष्ट त्यानं घेतले नव्हते. देवानंदला शिसारी आली ती चोरीची कमी आणि त्या आळसाची जास्त. मग लक्षात आलं, आपण उगाच हलकी शिसारी निवडली. त्यानं चहा संपवला. सायीसकट.

या क्लासची एक रीत होती आणि गोपाल सर तिची फुशारकी मारत. निकालानंतर सगळ्यांसमोर आक्षेप ऐकायचे. ज्याला शंका असेल त्यानं फळ्याशी यायचं आणि करून दाखवायचं. "आपल्याकडं सगळं उघड्यावर," ते म्हणत. आणि ते खरंच होतं, हॉलच्या जिन्यात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यासुद्धा उघड्यावरच होत्या.

त्या दिवशी एकच आक्षेप होता, धारणीच्या पौर्णिमाचा. ती एकतिसावी होती, ललितपेक्षा सात गुणांनी मागे. तीस जणांत नाव नाही आलं तर परत धारणी. राहायला शहरात जागा नव्हती, आणि आई मैनाबाई अंगणवाडीत मदतनीस. पौर्णिमानं समीकरण लिहिलंच नाही. चुनखडीतले कार्बनचे मोल दोन पूर्णांक चार. साखरेच्या एका रेणूत कार्बन बारा. भागाकार, गुणाकार, अडुसष्ट पूर्णांक चार. तीन ओळी. मग ती वळली आणि देवानंदच्याच सुरात म्हणाली, "मधात कोनी खात नाही, सर. अन् वरून कोनी आनून टाकत बी नाही. मंग पर्याय चार कसा येईन?"

हॉल हसला. गोपाल सरांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

"शाबास पोरी! हे पाहा, आपल्या क्लासमधी कोनावर अन्याय नाही. या प्रश्नाचे सगळ्याइले चार मार्क. बोनस!"

शिट्ट्या पडल्या, बाकं वाजली. पौर्णिमा फळ्याशीच उभी.

"बोनस नको, सर. उत्तरसूची दुरुस्त करा."

"अबे, बोनस नको म्हन्ते!" मागून कुणीतरी ओरडलं.

"काहून नको? तुले बी भेटून राहिले ना?" गोपाल सरांनी विचारलं.

"मले पाच भेटतीन, सर. कापलेला एक अन् वरचे चार. पन ज्यानं पर्याय चार लिवला त्याचे चार तसेच राहतीन. सूची दुरुस्त केली तर त्याचे चार जातीन अन् एक कापला जाईन."

तिनं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. हिशेब देवानंदच्या डोक्यात लख्ख उभा राहिला: सूची दुरुस्त केली तर पोरगी तीननं पुढे, बोनस दिला तर दोननं मागे. ज्या दानानं सगळ्यांचे हात भरत होते, त्यानंच हिची जागा जात होती.

"मी शास्त्राच्या आड नाही येत," गोपाल सर गंभीर झाले. "विभागप्रमुख देवानंद सर इथंच हायत. सूची चुकली असंन तर दुरुस्त करू. प्रश्नच चुकीचा असंन तर बोनस. बोला, सर."

विभागप्रमुख. पद वाटूनही झालं, भर हॉलात, सहीशिक्क्याविना. पौर्णिमा त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनवणी नव्हती, हेच वाईट होतं. खात्री होती.

"प्रश्नात," देवानंद म्हणाला, आणि त्याला स्वतःचा आवाज कुणाच्या तरी उष्ट्यासारखा लागला, "प्रश्नात जराशी संदिग्धता होती."

"कोनती, सर?" तिनं विचारलं.

"चुनखडी शुद्ध होती का, ते लिहिलेलं नव्हतं."

पौर्णिमानं मान हलवली. शुद्ध नसती तर साखर कमीच झाली असती, पाचपट कशी झाली असती, हे तिला कळलं. तिला कळलं हे त्यालाही कळलं. तिनं डस्टर घेतलं आणि आपल्या तीन ओळी स्वतःच पुसल्या. पुढची शंका कुणाला नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवानंद एसटी स्टँडवर गेला. नोट्स द्यायच्या आहेत असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. बाकड्याशी पौर्णिमा होती, आणि तिला न्यायला आलेली मैनाबाई. त्याला बघताच मैनाबाई पदर सावरत उठली.

"तुमीच का जी देवानंद सर? पोरगी सांगे, पुऱ्या वर्गाले चार चार मार्क सोडून देले तुमी. आजकाल कोन देते जी येवढं?" तिनं पिशवीतून चारोळीची पुडी काढली. "जंगलातली हाय. खीर करजा. इचं नशीबच दोन मार्कानं कमी पडलं, त्याले तुमी तरी काय करसान!"

नको म्हणायला त्याच्याकडे तोंड नव्हतं. पुडी त्यानं घेतली. पौर्णिमाकडे बघितलं. आईला तिनं एवढंच सांगितलं होतं तर.

"पौर्णिमा, तुझं…"

"आई, गाडी लागली," ती म्हणाली. नोट्स तिनं घेतल्या, आदबीनं, दोन्ही हातांनी, आणि आईला पुढे घालून चढली.

हिशेब साधा आहे. ललितला जागा मिळाली. गोपाल सरांकडे बिल्डिंग टिकली. वर्गाला बोनस मिळाला, देवानंदला पद, आणि वर पावभर चारोळी. एवढं सगळं कुणीतरी भरल्याशिवाय येत नाही. ते सगळं एकट्या पौर्णिमानं भरलं. आणि आईसमोर मास्तरची अब्रू राखली, त्याची किंमतही तिच्याच खात्यातून गेली.