काळवडीचा ळ

गेवराईच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, उर्दू शिकवणारे शहादेव मास्तर मूळचे काळवडीचे. त्यांचं अक्षर असं, की कचेरीतली मंडळीही बघत राहावीत. निजाम सरकारची नवी सडक काळवडीच्या शिवारातून गेली, तेव्हा फाट्यावरच्या दगडासाठी गावाचं नाव लिहून द्यायला सडकेच्या साहेबांनी त्यांनाच बोलावलं.

मास्तर हरखले, पण लिहायला बसले आणि हात अडला. उर्दूत ळ नाही. सरकारदरबारी त्याचा सरळ ल व्हायचा, आणि काळवडीचं वाचताना होऊन जायचं कालवडी. बाजारात गेलं की लोक विचारायचे, कालवडी केवढ्याला देता म्हणून.

मास्तरांची आई चंद्रभागाबाई म्हणाली, "शहादेवा, काळ्या रानाचं गाव हाय आपलं. गुराचं नाव दगडावर कावून लिवायचं? कागूद फाटून जातो, दगुड न्हाई."

मास्तर विचारात पडले. उर्दूत त च्या 'ते'वर छोटासा 'तोय' ह्या अक्षराची खूण काढली की ट होतो, द च्या 'दाल'वर काढली की ड. मग ल च्या 'लाम'नंच काय घोडं मारलंय? त्यांनी लामच्या डोक्यावर इवलासा तोय बसवला आणि कागद साहेबांपुढं ठेवला.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. असलं अक्षर कुठल्याही किताबात नाही, हैदराबादेत लोक हसतील, असं ते म्हणाले. मास्तर अदबीनं, पण ठामपणे बोलले.

"हुजूर, ट आणि ड तरी फारशीत कुठं होते? ही लिपी आपल्या मुलखात आली, तिनं इथल्या माणसांचं बोलणं ऐकलं आणि त्यांच्यासाठी अक्षरं घडवली. आता आमचंही ऐकू द्या तिला."

साहेबांनी तो उच्चार करून पाहिला. जीभ काही वळेना. ते स्वतःशीच हसले आणि वाटसरूला हे वाचता आलं नाही तर काय, असं त्यांनी विचारलं.

"तर तो थांबेल, हुजूर. चुकीचं वाचून पुढं जाण्यापेक्षा थांबलेला बरा."

साहेबांनी मंजुरी दिली, मात्र ह्या एका दगडापुरती. पुढं ते अक्षर कुठल्या पुस्तकात गेलं नाही, दुसऱ्या कुठल्या दगडावरही चढलं नाही.

दगड बसला त्या दिवशी सारी काळवडी फाट्यावर लोटली. चंद्रभागाबाईला कुठलीच लिपी येत नव्हती. यातला आपला कोणता, असं तिनं विचारलं, तेव्हा मास्तरांनी तिचं बोट धरून त्या खाचेवर ठेवलं. तेवढ्यात औरंगाबादेकडच्या एका कापडवाल्यानं टांगा थांबवला. दगडाकडं निरखून बघत, हे कसलं अक्षर म्हणून त्यानं चौकशी केली. मास्तर तोंड उघडणार, तोच आई पुढं झाली.

"आमचं हाय ते. माझ्या लेकानं बसवलंय. जीभ मागं वळवा अन् म्हणा, काळवडी."

त्याला नीट म्हणता येईपर्यंत तिनं टांगा हलू दिला नाही.