नायिकेला आजार कोणता द्यायचा

साप्ताहिकाच्या कचेरीत एक रीत होती. कथामालिकेचा शेवटचा हप्ता वेळेवर आला नाही, किंवा आला पण संपादकांना रुचला नाही, की तो राशिभविष्य लिहिणाऱ्या काकांकडे जायचा. काका तूळ आणि वृश्चिक यांच्या मधल्या वेळात तो उरकून टाकत. त्यांच्या हातून आजवर चार घटस्फोटित नायिका मार्गी लागल्या होत्या. दोन तापाने, एक ट्रकखाली, आणि चौथी नवऱ्याच्या पायाशी. त्यामुळे शेवटचा हप्ता घेऊन आलेल्या लेखिकाबाई सावध होत्या. आपली नायिका इथून धडधाकट बाहेर काढायची, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

संपादकांनी कागद वाचले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, पहिल्या हप्त्यात हिचा घटस्फोट. बाविसाव्यात हिला बढती, स्वतःचं घर, आणि वर ही खिडकीत उभी राहून हसते?"

"खिडकी तिचीच आहे, साहेब."

"वाचक काय म्हणतील?"

बाईंचं डोकं सणकलं. मागच्याच वर्षी याच साप्ताहिकातल्या नायिकेने सासूच्या दुधात विष कालवलं, तरी वाचकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. का, तर बिचारीने काहीही केलं, पण घर सोडलं नाही!

"बरं, मारू नका," संपादक दिलदारपणे म्हणाले. "क्षय द्या."

"काही देणार नाही."

"निदान ताप? अंथरुणावर पडून जरा पश्चात्ताप करेल. दोन परिच्छेद."

"फार तर सर्दी देते."

"सर्दीत कोणी पश्चात्ताप करतं का हो?"

भाजीवालीशी घासाघीस बरी, अशी ती चालली होती. डोकेदुखीवर येऊन गाडं अडलं.

"मग काकांना देतो," संपादक म्हणाले.

"द्या. पण माझं नाव काढा." बाई उठल्याच.

"बसा हो." संपादकांचा आवाज एकदम खाली आला. "माझी मुलगी वाचते ही मालिका. दोन महिन्यांपूर्वी बॅग घेऊन आलीय. शेजारीपाजारी सांगितलंय, हवापालटाला आलीय म्हणून. म्हटलं, शेवट वाचून तरी डोळे उघडतील. जाईल परत."

"ती आली कशाला?"

संपादक टेबलावरचा टाचण्यांचा डबा उगाच सरळ करत राहिले. "डावा हात कोपरातून सरळ होत नाही तिचा. डॉक्टर म्हणतात, होईल."

बाईंना भयंकर राग आला, आणि समोरच्या माणसाची कीवही आली. त्यांनी शेवटचं पान फिरवून त्यांच्यापुढे सरकवलं आणि वर पेन ठेवलं.

"तुम्हीच लिहा. 'आणि ती परत गेली.' चारच शब्द आहेत."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांवर सटासट काट मारणारा हा माणूस. 'आणि ती' एवढं लिहिलं आणि पुढे हात हलेना. पान मागायला छापखान्यातून दोनदा फोन येऊन गेला. शेवटी त्यांनी ते दोन शब्द खोडले, नाक पुसलं आणि पान परत दिलं.

"राहू दे तिला तिच्या घरात," ते म्हणाले. मग जरा घुटमळले. "फक्त एक घालाल? रविवारी ती बापाकडे जेवायला जाते. एवढंच."

"बाप चारचौघांत बोलावणार असेल, तर घालते," बाई म्हणाल्या.