एका लायब्ररीच्या दोन प्रती

धाकटी जाऊ पुण्याची, शिकलेली आणि वर गोड बोलणारी निघाली, तर थोरलीने करायचं काय? चिखलीच्या घरात मंजुश्रीपुढे दोन वर्षांपासून हाच प्रश्न होता. लग्न होऊन डोणगावहून आली तेव्हा ती घरातली एकुलती एक इंजिनीअर. सासरे लक्ष्मीकांतराव आल्यागेल्याला तिची ओळख मोठ्या अभिमानाने करून देत. मग मधुवंती आली, मंजुश्री शिकवायची त्याच कॉलेजात शिकवू लागली, आणि पाहुण्यांपुढे आधी तिचं नाव निघू लागलं. मंजुश्रीचा नुसता जळफळाट व्हायचा. धाकटीने लावलेलं दहीही ती खात नसे. फ्रीजमध्ये दह्याची दोन पातेली असत.

त्यात कॉलेजात नवी प्रयोगशाळा निघाली. तालुक्यातल्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात किती खाली जाईल, हे सांगणारा मंजुश्रीचा प्रोग्राम समितीपुढे चालला, तर प्रयोगशाळेची प्रमुख ती. नाहीतर मधुवंती. प्रोग्रामला दोन लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार कोडचे संच, लागत. एक नकाशाचे बारीक तुकडे करून समीकरणं मांडायची, दुसरी ती सोडवायची. कॉलेजच्या मशीनवर हे सगळं बसवलं होतं मधुवंतीने.

प्रोग्राम सुरू होई, समीकरणं मांडून होत, आणि ती दुसरीच्या हाती देताच सगळं बंद पडे. पडद्यावर एकच एरर: ‘इनव्हॅलिड ऑब्जेक्ट’. म्हणजे, तुम्ही दिलेली वस्तू मी ओळखत नाही. मंजुश्रीने आकडे तपासले, कोड ओळ न ओळ वाचला, हाती काही लागेना. शेवटी तिने विभागप्रमुख शालिग्राम सरांना सांगून टाकलं की मधुवंतीने मशीनवर बसवलंय तेच कच्चं आहे. सरांनी मधुवंतीला सगळ्यांदेखत सुनावलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मंजुश्रीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, धाकटीची चूक पुराव्यानिशी दाखवू म्हणून तिने कोणती लायब्ररी कुठल्या फोल्डरमधून उचलली जाते, हे प्रोग्रामकडूनच काढून घेतलं. दोन्ही लायब्रऱ्या ज्या तिसऱ्या, पायाच्या लायब्ररीवर उभ्या होत्या, तिच्या दोन प्रती निघाल्या. एक मधुवंतीची, दुसरी मंजुश्रीची स्वतःची. सुरुवातीलाच ‘तिच्या हातचं नको’ म्हणून तिने ती आपल्या फोल्डरात वेगळी बसवली होती आणि विसरून गेली होती. पहिली लायब्ररी मंजुश्रीच्या प्रतीतून वस्तू घडवत होती. दुसरी मधुवंतीच्या प्रतीला विचारत होती, आणि तिथे त्या वस्तूचा पत्ताच नव्हता. आपलंच नाणं खोटं. मंजुश्रीने आपली प्रत काढून टाकली, पहिली लायब्ररी मधुवंतीच्या प्रतीला जोडली, आणि प्रोग्राम मुकाट्याने चालला.

आता हे कोणाला कळणार होतं? बोल धाकटीला लागला होता, दुरुस्तीचं श्रेय थोरलीला मिळणार होतं. ती खुशीतच घरी आली. मधुवंती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. प्रोग्राम चालला, असं मंजुश्रीने मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

“तुमची प्रत काढलीत ना, ताई?” मधुवंतीने मान वर न करता विचारलं.

मंजुश्री गर्रकन वळली. “तुले माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी दिसलं होतं.”

“मंग सरांपुढं काऊन नाही बोलली तू?”

“बोलले असते तर चूक तुमची ठरून प्रयोगशाळा मला मिळाली असती. पण तुम्ही माझ्याशी पुन्हा कधी बोलला नसतात.”

हिने चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. पण इथेही ही पुढेच. मंजुश्रीच्या अंगाची आग आग झाली. ती तशीच अंगणात गेली, सरांना फोन लावला आणि काही हातचं न राखता सगळं सांगितलं. स्वतःची चूक दुसरीवर ढकललीत, मग प्रयोगशाळा मधुवंतीकडे जाईल, असं सर म्हणाले. द्या, असं ती म्हणाली. एवढं कबूल करायला मोठं मन लागतं, असंही सर म्हणाले.

मन कसलं मोठं. मधुवंतीने सोडून दिलेली प्रयोगशाळा तिला नको होती.