स्पंज धरणारी

"प्लास्टर मोरीत ओतायचं नाही, हे मी तुला आता कुठल्या भाषेत सांगू?" ताईंनी मोरीच्या जाळीत सळई खुपसत विचारलं.

दारात उभा असलेला शिल्पकार डोक्यावरची लोकरी टोपी मागेपुढे करत म्हणाला, "थोडंसंच होतं हो ताई. वाटलं, पाण्याबरोबर वाहून जाईल."

"प्लास्टर पाण्याबरोबर वाहून जात नाही, पाण्याने घट्ट होतं. तू शिल्पकारच आहेस ना रे?"

"हो."

"मग?"

टोपीवाल्याने टोपी पुन्हा मागेपुढे केली. तो गेलाही नाही, कारण मोरी तुंबली असताना निघून जाणं बरं दिसत नाही एवढी समज त्याला होती, आणि सळई हातात घ्यावी एवढी नव्हती. असे पुष्कळ येऊन गेले होते. ताई सगळ्यांना मनातल्या मनात नावं ठेवायच्या. हा टोपी. त्याच्या शेजारच्या खोलीतली, स्वतःची उशी घेऊन आलेली ती उशी. आणि खालच्या छापखान्यात आपली चित्रं छापणारी मुलगी, जी प्रत्येक वाक्याची सुरुवात "एक मिनिट हं" अशी करायची, ती मिनिटबाई.

इमारत पूर्वी छत्र्यांचा कारखाना होती. आता तिथे नवोदित कलाकारांची रेसिडेन्सी चालायची. राहायला खोली, कामाला जागा, दोन वेळचं जेवण, शेवटी प्रदर्शन. ताई स्वतः पहिल्याच तुकडीत नवोदित म्हणून आल्या होत्या. मुदत संपल्यावर बाकीचे गेले आणि या राहिल्या, कारण छापखान्याचं यंत्र ज्याच्या हाताला बसलं होतं असं दुसरं कुणी नव्हतं. "थोडे दिवस सांभाळा हो," असं संचालक सर म्हणाले होते. त्या थोड्या दिवसांत ताईंचं लग्न झालं, मुलगा शिकून नोकरीला लागला आणि केस पिकले. नवोदित येत होते, नामवंत होऊन जात होते, आणि ताई मोऱ्या उपसत होत्या.

खालून कडाड असा आवाज आला. मागोमाग हाक आली, "ताई! ताई, लवकर या!"

ताई सळई टोपीच्या हातात देऊन जिने उतरल्या. छापखान्यात मिनिटबाई यंत्रापाशी तोंडावर हात ठेवून उभी होती. यंत्रावरच्या मोठ्या दगडाचे सरळ दोन तुकडे झाले होते.

"यंत्राचा पाट पुसला होतास दगड ठेवायच्या आधी?"

"एक मिनिट हं... पुसला होता. बहुतेक."

ताईंनी तुकडा उचलून पाटावरून बोट फिरवलं. दगड घासायच्या कुरुंदाच्या पुडीचा एक कण बोटाला लागला. एवढ्याशा कणावर दगड टेकला, वरून दाब आला आणि दगड गेला. ओरडायचं त्यांच्या जिवावर आलं. मिनिटबाई रडायला लागली होती, आणि रडणाऱ्या माणसावर ओरडायला ताईंना कधी जमलं नव्हतं. हीच त्यांची अडचण होती.

दगडावरून छापायचं म्हणजे आधी तेलकट खडूने दगडावर चित्र काढायचं. मग एकाने ओल्या स्पंजने दगड सतत भिजत ठेवायचा आणि दुसऱ्याने शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट रेघांवर तेवढी धरते. कागद ठेवून दाब दिला की छाप निघतो. काम झालं की दगड पुडीने घासून कोरा करायचा, पुढच्याचं चित्र त्यावर. या कामाला दोन माणसं लागतात, आणि यातलं स्पंजचं माणूस इतकी वर्षं ताईच होत्या. कुणाचंही चित्र असो, रूळ चित्र काढणाऱ्याचा आणि स्पंज ताईंचा.

"आता माझं काय होणार?" मिनिटबाई म्हणाली. "प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे. एवढा मोठा दगड दुसरा आहे का?"

ताईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण मिनिटबाईची नजर खिडकीखाली गेली होती. तिथे चादर घातलेला एक दगड होता, तेवढाच मोठा.

"त्याच्यावर चित्र आहे," ताई म्हणाल्या.

"कुणाचं?"

"माझं."

मिनिटबाईने चादरीकडे आणि मग ताईंकडे पाहिलं. ताई चित्र काढत असतील हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

चित्र ताईंच्या आईचं होतं. आई शेवटी शेवटी त्यांच्याकडेच राहायला होती. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्चीत बसल्या बसल्या तिला डुलकी लागायची. मान एका बाजूला कललेली, एक हात मांडीवर उताणा. ताई कागदावर टिपून आणायच्या आणि सगळे गेले की दगडावर उतरवायच्या. चित्र पुरं झालं, त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही. चित्र टिकावं म्हणून दगडावर डिंकाचा हात फिरवून ताईंनी तो झाकून ठेवला होता. छापायचा मात्र राहून गेला. कधी यंत्र रिकामं नसायचं, कधी ताई. आणि स्पंज धरायला कुणाला म्हणायचं? नवऱ्याला एकदा आणलं होतं. त्या भल्या माणसाने दगडावर बादलीच ओतली.

दुपारी संचालक सर आले. त्यांनी तुटलेला दगड पाहिला, चुकचुकले, आणि चादरीचं टोक उचलून दुसराही पाहिला.

"छान आहे," ते म्हणाले. "तुमची हौस अजून आहे म्हणायची."

हा शब्द ताईंना झोंबला. हौस! शिकाऊ मुलांच्या कच्च्या कामाला हे सर 'शोध' म्हणायचे.

"सर, तो दगड देता येणार नाही. मला त्याचे छाप काढायचेत."

"अहो काढा ना! कोण नको म्हणतंय? पण मुलीचं वर्ष वाया जाईल. बाहेरची मोठी माणसं यायचीत बघायला. आणि ताई, दगड शेवटी संस्थेचा आहे."

"आणि चित्र?"

"चित्र काय, तुम्ही पुन्हा काढाल. तुमच्या हातात आहे ते."

आई पुन्हा खुर्चीत येऊन बसणार असती तर काढलंही असतं. हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सरांसमोर आईचा विषय काढायचा म्हणजे सर लगेच मान तिरकी करून सहानुभूतीचा आवाज काढणार. तेवढं त्यांना सोसवणार नव्हतं. त्या म्हणाल्या, "उद्याची दुपार मला यंत्र पाहिजे. मग दगड घ्या."

"घ्या, घ्या! खुशाल घ्या," सर म्हणाले, जणू स्वतःच्या खिशातलं काही देत होते.

दुसऱ्या दिवशी स्पंज धरायला मिनिटबाई स्वतःहून आली. "तुमच्यामुळे माझं काम होतंय ताई, एवढं तर मी करीनच," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. मुलगी वाईट नव्हतीच. ताईंनी ॲप्रन बांधला, बाह्या सारल्या आणि रूळ हातात घेतला. इतक्या वर्षांनी यंत्राच्या या बाजूला उभं राहून त्यांना ऊर भरून आल्यासारखं वाटलं.

पहिला छाप निघाला तो फिका. तो फिकाच निघतो. शाई दोन-तीन छापांनंतर बसते. खुर्चीची पाठ आणि हात तेवढा उमटला होता, चेहरा धुक्यात. "मस्त!" मिनिटबाई म्हणाली. ताईंनी फक्त मान हलवली. चेहरा तिसऱ्या-चौथ्या छापाला येणार होता.

दुसऱ्या छापाची तयारी झाली. मिनिटबाईने स्पंज फिरवला, ताईंनी रूळ. पुन्हा स्पंज, पुन्हा रूळ. तेवढ्यात मिनिटबाईचा फोन वाजला. "एक मिनिट हं," म्हणून तिने एका हाताने फोन कानाला लावला आणि खिडकीकडे वळली. दगड वाळायला किती वेळ लागतो? वरचा पंखा चालू होता.

इथे चूक ताईंचीही होती. रूळवाल्याने दगडाची ओल बघूनच रूळ टाकायचा असतो. पण ताईंच्या हातात स्पंज असताना कुणाला कधी बघावं लागलं नव्हतं. दगड ओला असायचाच. त्याच भरवशावर त्यांनी रूळ टाकला. टाकला आणि हाताखाली वेगळंच लागलं. रूळ चिकटत, चर्र आवाज करत गेला.

"पाणी! अगं, पाणी!"

मिनिटबाई फोनसकट धावली. पण रूळ गेला तिथे दगडभर शाई धरली होती. ताईंनी पाणी मारलं, डिंक मारला, टर्पेंटाइनने सगळं धुऊन पाहिलं. कडा थोड्या उजळल्या. चेहरा मात्र गच्च काळा भरला होता. तो पुन्हा सुटणार नव्हता, हे ताईंना पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. तरी त्या दुपार उतरेपर्यंत धूत राहिल्या.

"सॉरी ताई. खरंच सॉरी," मिनिटबाई म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "पण पहिला छाप तर आला ना?"

ताईंनी स्पंज पिळून बादलीवर ठेवला. "दगड आता तुझा," त्या म्हणाल्या. "घे घासून."

"मी? एवढा मोठा? दगड तर नेहमी तुम्हीच..."

"आज नाही."

त्या स्टुलावर बसल्या आणि हाताची घडी घातली. छापखान्यात काम चालू असताना ताई बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. मिनिटबाईने पूड टाकली, पाणी टाकलं आणि घासायला लागली. दोन्ही हातांनी, पण घाईने, मधे जोर आणि कडेला नुसताच हात. काळं पाणी वाहत होतं. ताईंना आतून भडभडून येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते सांगता आलं नसतं. सरांचा, या पोरीचा, पंख्याचा. सगळ्यांत जास्त स्वतःचा. कारण इतकी वर्षं कुणी त्यांना बांधून ठेवलं नव्हतं.

"बास ना ताई आता?" मिनिटबाईने घाम पुसत विचारलं.

ताईंनी दगडाकडे पाहिलं. ओला असताना तिरप्या उजेडात जुन्या चित्राची सावली दिसत होती. अजून तेवढंच घासायला हवं होतं.

"तुला काय वाटतं?"

"मला तर कोरा दिसतोय."

"मग बास."

हा दुष्टपणा होता. ताईंना तो कळत होता, आणि त्यांनी तो होऊ दिला.

घरी त्यांनी तो फिका छाप टेबलावर ठेवला. नवऱ्याने चष्मा लावून तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"सासूबाई आहेत होय? हात त्यांचाच आहे," तो म्हणाला. "बाकी काही दिसत नाही गं."

"नाहीच आहे बाकी काही," ताई म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या. तो शेजारी बसून लसूण सोलत राहिला.

पुढचे दिवस मिनिटबाईचे छाप काढण्यात गेले. तिचं चित्र होतं गच्च्यांचं आणि पाण्याच्या टाक्यांचं, वर मोठं मोकळं आभाळ. स्पंज अर्थातच ताईंकडे होता. चौथ्या छापाला आभाळात काहीतरी करडं दिसायला लागलं. सहाव्याला मान कळली. मग हात.

"हे काय येतंय?" मिनिटबाई घाबरून म्हणाली.

"दगड नीट घासला गेला नाही. जुनं चित्र वर येतंय."

"आता?"

"आता पुन्हा घासायचा, पुन्हा काढायचं."

"पण वेळ कुठाय?" मिनिटबाई म्हणाली. ती छापाकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरची भीती कमी होत गेली. "तसं वाईट नाही दिसत, ताई. नाही का?"

ताईंनी छाप उजेडाकडे धरला. आभाळात आई झोपली होती. चेहऱ्याचा गच्च काळेपणा घासून निघाला होता आणि खालची बारीक रेघ मऊ करडी होऊन वर आली होती. त्यांच्या हातून कधी इतकी चांगली छापली गेली नसती.

प्रदर्शनाला माणसं पुष्कळ आली. टोपीच्या शिल्पाभोवती दोघंचौघं होते, उशीच्या विणकामाभोवती तेवढेच. गर्दी झाली ती मिनिटबाईच्या चित्रापाशी. ताई चहाचा ट्रे घेऊन फिरत होत्या.

"आभाळातली ही म्हातारी कोण?" बाहेरून आलेल्या एका वजनदार गृहस्थांनी विचारलं.

मिनिटबाईने मान वळवली. तिला ताई दिसल्या. क्षणभर ती काहीतरी बोलेल असं वाटलं, तिचे ओठ हललेही. मग ती म्हणाली, "ते... प्रक्रियेतून आलं."

"वा! प्रक्रियेतून," गृहस्थ म्हणाले.

"माझी आई आहे ती," ताई म्हणाल्या.

मोठ्याने म्हणाल्या. भोवतालचे सगळे वळले. मिनिटबाईने मान खाली घातली. आणि सर हसत पुढे आले, त्यांनी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघितलंत?" ते गृहस्थांना म्हणाले. "प्रत्येकाला यात आपली आई दिसते. हेच तर या चित्राचं यश आहे."

लोक कौतुकाने हसले. कुणीतरी टाळीही वाजवली. गृहस्थांनी ताईंच्या ट्रेमधून चहाचा कप उचलला आणि "थँक्यू हं" म्हटलं.

ताईंनी ट्रे जवळच्या खुर्चीवर ठेवला. पदराला हात पुसले आणि पुढे जाऊन त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या, अगदी जवळ, नाक काचेला लागेल इतक्या. मागे कुजबूज झाली. चहा कुठे मिळतो असं कुणी विचारत होतं. सरांनी दोनदा हाक मारली.

"बाई, जरा बाजूला होता का?" मागून एकजण म्हणाला. "आम्हाला चित्र दिसत नाहीये."

ताई बाजूला झाल्या नाहीत.