हरिओमच्या वावरातल्या लेंड्या

सांडूच्या तोंडून 'माझं चुकलं' कुणी ऐकलं नव्हतं, बायकोनंसुद्धा नाही. आणि ते म्हणायची पाळी यावी कधी, तर नेमकी पोरीच्या परीक्षेच्या दिवशी! आता बोला.

झालं असं. उन्हाळ्यात वावरं मोकळी पडली की पिंपळगावचे शेतकरी सांडूचा कळप रानात बसवून घेतात. मेंढ्या रात्रभर बसल्या की सकाळी वावरात लेंडीखत तयार. यंदा त्यातल्या कडूबानं फोनवर सांगितलं, "बाभळीला पांढरं पोतं बांधलंय, तिथं बसव." दिवस मावळताना सांडूला पोतं दिसलं, त्यानं शंभर मेंढ्या बसवल्या. पण ते पोतं होतं शेजारच्या वावरातल्या हरिओमचं, रानडुकरं भ्यावीत म्हणून बांधलेलं. कडूबाचं पोतं पुढच्या बाभळीला लटकत होतं.

सकाळी हरिओम आला. वावरभर लेंड्या बघून दुसरा माणूस खूश झाला असता. पण हा गडी बांधावरचा दगड हलला तरी टेप घेऊन येणारा! त्यानं कळपाचा म्होरक्या एडका शिंगाला धरून ओढत पत्र्याच्या शेडाकडं नेला. या एडक्याचं नाव तहसीलदार.

"चुकलं म्हण, मंग सोडतो."

"अरे, मारका हाय तो! कोंडू नको, हरिओमभाऊ!"

"मारू दे." हरिओमनं एडका आत ढकलून कडी लावली.

"आन चुकलं काहून म्हणू? फुकटात खत मिळालं तुला. उलट चहा पाज मला!"

झाली ना पंचाईत! तहसीलदार पुढं चालल्याशिवाय एक मेंढी हलत नाही, आणि मेंढ्या हलल्याशिवाय सांडूला हलता येत नाही. इकडं दोन वाजता जालन्यात प्रांजलीची वकिलीची प्रवेश परीक्षा. दहाला मोटारसायकलवर निघायचं ठरलं होतं. पोरगी वर्षभर मेंढ्यांमागं पुस्तक घेऊन हिंडली होती; पेपर हुकला की सगळं पाण्यात. पण सांडूची मान काही खाली होईना.

साडेनऊला प्रांजलीच वावरात आली, पाठीला दप्तर. मागोमाग तिची आई गोपिकाबाई. पोरीला बघून सांडूला हत्तीचं बळ आलं.

"सांग याला माय, कायदा काय म्हणतो!"

प्रांजलीनं दोघांचंही सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अण्णा, चूक आपली."

"आं?"

"दुसऱ्याच्या जमिनीत न विचारता घुसलं की त्याचा हक्क मोडतो. नुकसान होवो न होवो. चुकून गेल्तो म्हणलं तरी सुटका न्हाई."

सांडूच्या मनात आलं, आपण घरातच विरोधी पार्टी पोसून राह्यलो की काय! त्याला राग आला, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं. हरिओमची छाती मात्र फुगली.

"पण काका," प्रांजली त्याच्याकडं वळली, "तुमचं नुकसान काहीच न्हाई. मंग एडका अडकवायचा हक्क तुम्हालाही न्हाई."

हरिओम काही बोलणार, तेवढ्यात शेडात खळ्ळकन आवाज झाला. आत त्याची नवी मोटारसायकल उभी होती. तहसीलदाराला आरशात दुसरा एडका दिसला होता. लगेच दुसरा आरसाही गेला.

"भरून दे!" हरिओम किंचाळला.

"अण्णांनी सांगितलं होतं ना, मारका हाय म्हणून? तरी कोंडला. जाणूनबुजून अंगावर घेतलेला धोका, काका. त्याची भरपाई मिळत न्हाई."

हरिओमनं कडी काढली. आतून फुरफुर ऐकताच पुन्हा लावली. "सांडू, जल्दी काढ बाबा त्याला! आता लाइट फोडील!"

आता पत्ते सांडूच्या हातात आले. 'आधी तू चुकलं म्हण' हे अगदी जिभेवर आलं होतं त्याच्या. त्यानं पोरीकडं पाहिलं. ती बापाच्या तोंडावर, सगळ्यांदेखत, खरं ते सांगून मोकळी झाली होती. अशा पोरीपुढं खोटा ताठा दाखवायची त्याला लाज वाटली.

"हरिओमभाऊ," तो म्हणाला, "माझं चुकलं. न विचारता मेंढ्या बसवल्या."

गोपिकाबाईनं तोंडाला पदर लावला. हरिओमनं कडीकडं बोट दाखवलं. "बरं बरं... तू काढ आधी त्याला."

सांडूनं जीभ टाळूला लावून नुसता आवाज काढला. तहसीलदार शहाण्यासारखा बाहेर आला आणि गोपिकाबाईच्या पुढं चालू लागला. मागून शंभर मेंढ्या निघाल्या.

सव्वादहाला सांडूची मोटारसायकल जालन्याच्या रस्त्याला लागली. अर्ध्या वाटेत त्यानं विचारलं,

"प्रांजली, असा प्रश्न पेपरात आला तर?"

"चूक मेंढ्यावाल्याची, अण्णा."

सांडूनं थोडा विचार केला. "बापाचं नाव न्हाई ना छापत तिथं?"

"न्हाई."

"मंग बिनधास्त टिक कर."