उरलेले दोन खण

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे ते तुम्हांला अजिबात पटणार नाही. नका पटवून घेऊ. पण ऐकल्याशिवाय उठायचं नाही. बाहेर वैशाखाचं ऊन आहे आणि या अख्ख्या गल्लीत दुपारी बसण्यासारखी गार जागा एकच आहे, ती म्हणजे माझ्याखाली.

मी एक जुनं माळवद आहे. सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या या गावात शरणप्पाच्या घरावर पसरलेलं मातीचं सपाट छप्पर. एके काळी मी पाच खणांचा, म्हणजे तुळयांमधल्या पाच गाळ्यांचा होतो, आता दोनच खणांचा उरलो आहे. बाकीचे तीन खण कसे गेले ते सांगतो, आणि सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे. ती भिंतीपाशी ज्वारी निवडत बसलेली बाई म्हणजे गौरम्मा, शरणप्पाची बायको. तिच्याकडे लक्ष देऊ नका. चाळीस वर्षं माझ्याखाली राहून तिला माझं बोलणं ऐकू यायला लागलं आहे, आणि मधे तोंड घालायची खोडही आहे.

"सांग की, मी कुटं आडवलंय," गौरम्मा म्हणाली.

बघा, म्हटलं नव्हतं?

तर गौरम्मा या घरात लग्न होऊन आली त्याच वर्षी ज्ञानू गवंड्याने मला घडवलं. ज्ञानू तेव्हा तरणाबांड होता. त्याने आधी दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती उठवल्या. त्यांवर बाभळीच्या तुळया टाकल्या, तुळयांवर लाकडाच्या चिपा दाटीने बसवल्या, वाळवी लागू नये म्हणून त्यांवर लिंबाचा पाला अंथरला, वर तुरीच्या काड्या, मग चिखल, आणि सगळ्यांत वर पाण्याला दाद न देणारी खारी माती. माझ्या मागच्या दोन खणांच्या मधोमध त्याने हातभर रुंदीचं एक साणं ठेवलं. साणं म्हणजे छपराला ठेवलेलं भोक. त्यातून उजेड आत येतो, आणि घरातली ऊन झालेली हवा वर चढून बाहेर निघून जाते. ती गेली की तिच्या जागी खालच्या दारातून, लिंबाच्या सावलीतली गार हवा आत येते. तो लिंबही ज्ञानूनेच मावळतीच्या भिंतीला धरून लावून घेतला होता.

काम संपल्यावर ज्ञानूने शरणप्पाच्या वडिलांना उभं करून सांगितलं होतं, "मालक, भित, माळवद, साणं आन् झाड, ही चार न्हाईत. ह्ये एकच हाय. एकाला हात लावला की बाकीची तीन आजारी पडत्यात. आन् दर मिरगाच्या आदी वर एक पाटी नवी माती टाका, पर आदी एक पाटी जुनी खरवडून काडा. इसरू नका."

माझ्या उमेदीच्या वर्षांत मी काय काय केलं ते सांगू? वैशाखात माझ्याखाली ठेवलेल्या माठात सकाळी पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. घरातलं मांजर भर दुपारी थंडीने कुडकुडत बाहेर उन्हाला जाऊन बसायचं. एका उन्हाळ्यात तर खुद्द सूर्य दमून माझ्या काठावर टेकला आणि म्हणाला, बाबा, या घरात शिरायला मला वाट सापडत नाही. मी त्याला साण्यातून तांब्याभर पाणी दिलं आणि पुढे पाठवलं.

"माटात गार पानी असायचं, येवडंच खरं हाय," गौरम्मा म्हणाली.

तिला सूर्य दिसला नाही, त्याला मी काय करू?

आता ज्यासाठी माझं डोकं फिरतं ते ऐका. ज्ञानूने सांगितलेलं अर्धं या लोकांनी पाळलं आणि अर्धं सोडून दिलं. दर मृगाच्या आधी नवी माती टाकायची, ती टाकली. जुनी काढायची, ती कधीच काढली नाही. का, तर गावात माळवद जेवढं जाड तेवढं घर मोठं मानलं जायचं. पोरगी बघायला आलेले पाहुणे आधी रस्त्यावर उभं राहून माळवदाची जाडी बघायचे, मग चपला काढायचे. शरणप्पाच्या वडिलांनी दरसाल गाडीभर माती चढवली, शरणप्पाने दीड गाडी. माझ्या पोटावर एकावर एक अडतीस वर्षांची माती बसली. कुणी तुम्हांला दरसाल एक नवी घोंगडी पांघरायला दिली आणि जुनी एकही काढू दिली नाही, तर तुमचं काय होईल? माझ्या तुळया वाकल्या. दुष्काळानंतरच्या पहिल्या चांगल्या पावसात मी तीन ठिकाणी गळलो.

आणि दोष कुणाला? मला. "माळवदाचं घर म्हंजे असंच," म्हणे. अरे, असंच म्हणजे कसं? पाठीवर डोंगर तुम्ही ठेवायचा आणि कण्हलो म्हणून मला नालायक ठरवायचं?

शरणप्पाचा धाकटा भाऊ श्रीमंत सोलापूरला गिरणीत कामाला. तो सुट्टीवर आला आणि उंबऱ्यातूनच वर बघत म्हणाला, "अण्णा, ह्यो चिखल काडून टाक. पत्रा घालू. सोलापुरात बग, समदी पत्रा नायतर स्लॅब करत्यात. चिखलात राहायला आपन काय उंदीर हाय का?"

शरणप्पा भावाच्या शब्दाबाहेर जात नसे. शिकलेला भाऊ, पगारी भाऊ. पुढच्या तीन खणांवरून मला उपसून काढलं आणि तिथे लोखंडी पत्रे चढवले. मागचे दोन खण तेवढे पुढच्या वर्षी काढू म्हणून ठेवले. वाकलेल्या तुळईला एक टेकू दिला आणि त्या दोन खणांत कडबा भरला.

मित्रांनो, पत्रा कसला असतो ते मला विचारा. सकाळी नऊला तापतो, दुपारी तव्यासारखा होतो, आणि पावसात घरात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येत नाही. पण थांबा, पत्र्यावर भागलं नाही. वाऱ्याने लिंबाच्या फांद्या पत्र्यावर घासायला लागल्या, म्हणून श्रीमंतने लिंब तोडला. लिंब गेला तशी मावळतीची भिंत उघडी पडून तापायला लागली, म्हणून तिला सिमेंटचा गिलावा केला. मातीची भिंत आतली ओल बाहेर सोडत असते. सिमेंटने तिचं नाक दाबलं, ओल आतच राहिली, भिंत फुगली आणि गिलाव्याचे पोपडे सुटले. झाड गेल्यामुळे धूळ थेट साण्यातून आत पडायला लागली, म्हणून माझ्या साण्यावर शहाबादी फरशी टाकून कडेने सिमेंट भरलं. मग घरात जीव घुसमटायला लागला, म्हणून विजेचा पंखा आणला. तो पंखा दिवसभर तीच ऊन हवा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ढकलत बसायचा, आणि वीज गेली की तेही नाही. प्रत्येक वेळी एक चूक झाकायला दुसरी आणली. कुणी एकानेही अंगणात उभं राहून सगळं घर एका नजरेत पाहिलं नाही. याचा मला राग आहे. पत्रा बिचारा लोखंडाचा, त्याला अक्कल कुठून असणार? पण माणसांना तर आहे ना?

अशा घरात गेल्या वर्षी चैत्रात शरणप्पाची लेक रुद्राणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरत होते ते बरोबर वैशाखाच्या मध्यावर. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पत्र्याखाली भाकरी थापताना चक्कर येऊन पडली. तोंडावर पाणी मारलं तर डोळे न उघडता आईला म्हणाली, "अव्वा, मला हितनं बाहीर ने."

बजाबाई सुईण तिला बघायला आली. या गावातली निम्मी माणसं बजाबाईच्या हातावर जन्मली आहेत. तिने रुद्राणीच्या पोटावर हात ठेवला, मग वर पत्र्याकडे बघितलं.

"हितं मी बाळंतपन करनार न्हाय," ती म्हणाली. "मागल्या वैशाखात वरच्या आळीत पत्र्याखाली एक लेकरू झालं. तिसऱ्या दिवशी गेलं. पान्यातनं काडलेल्या मासळीवानी तोंड करत हुतं. त्ये मला परत बगायचं न्हाय."

"मग कुटं न्यायची? सासरी तर पत्राच हाय," गौरम्मा म्हणाली.

"मागं दोन खण हायत की तुमचं."

शरणप्पाने मान हलवली. "त्ये पडाय आलंय. टेकूवर हाय. बाळंतिनीच्या अंगावर आलं मंजी?"

श्रीमंत तेव्हा पाडव्याला म्हणून आलेला तो अजून इथेच होता. तो म्हणाला, "वैनी, त्या मातीचा नाद सोडा. मी अजून एक पंखा आनतो."

 गौरम्मा उठली आणि ज्ञानू गवंड्याला हाताला धरून घेऊन आली. ज्ञानूला आता नीट दिसत नाही. त्याने माझ्या तुळईवर काठीने तीन ठिकाणी ठोकलं आणि कान देऊन ऐकलं. मग माझ्या काठावरून हात फिरवला, एकदा, दोनदा, आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"तीन हात माती?" तो म्हणाला. "मी दीड वीत ठिवली हुती. आरं, माळवद हाय का किल्ल्याचा बुरूज? तुळई मोडली न्हाय, शरणप्पा. तुमच्या मोटेपनाखाली वाकलीय. वझं उतरवा, साणं मोकळं करा. अजून पन्नास वर्सं तुमाला सांबाळंल ती."

शरणप्पाने श्रीमंतकडे बघितलं. श्रीमंतने घड्याळाकडे बघितलं. गाडीची वेळ झाली म्हणाला आणि निघून गेला. शरणप्पा त्याला पोचवायला म्हणून गेला तो पारावर जाऊन बसला. दोन आठवडे उरले होते आणि माझ्या पाठीवरची एक मूठ माती हलवायला एक पुरुष जागचा उठला नाही.

मित्रांनो, ऐका, आता न पटणारी गोष्ट येते आहे. मला असा काही संताप आला म्हणता. रुद्राणीचा जन्म माझ्याच खाली झालेला. तिची पहिली अंघोळ, पहिलं पाऊल, सगळं मी वरून बघितलेलं. मी दात-ओठ खाल्ले, एक खोल श्वास घेतला, आणि बैल जसा अंगावरच्या माश्या झटकतो तसं एकदाच सगळं अंग झटकलं. अडतीस वर्षांची माती एका दमात अंगणात कोसळली. गावात धुळीने दिवसा अंधार पडला. साण्यावरची फरशी सिमेंटसकट उडाली ती थेट देवळाच्या पायरीशी जाऊन पडली. माझ्या तुळया दोरी सुटलेल्या धनुष्यासारख्या सरळ झाल्या आणि टेकू आपोआप खाली आला. नवव्या दिवशी माझ्याखाली रुद्राणीला मुलगी झाली. मी तिच्यावर साण्यातून असा गार वारा धरला, की तिसऱ्या दिवशी बजाबाईने तिला आणखी एक दुपटं गुंडाळायला सांगितलं. हे सगळं मी एकट्याने—

"खोटं," गौरम्मा म्हणाली.

तिने सूप खाली ठेवलं.

"आंग झटकलं म्हनं. नऊ दिस मी शिडीवर चढ-उतार केलीया. फाटेचं उटून ऊन डोक्यावर येस्तवर खरवडायची, पाटी भरायची, उतरून उकिरड्यावर न्हेऊन टाकायची, परत चडायचं. ज्ञानूमामा खाली बसून हात लावून सांगायचा, अजून काड, अजून काड, आता बास. फरशी पहारीनं उचकटली ती मी. ह्ये बग, ह्या बोटाचं नख अजून धड आलं न्हाय. पाचव्या दिवशी धन्याला लाज वाटली, तवा त्येनी येऊन टोपल्याला हात लावला. बजाबाईनं दुपटं मागितलं येवडं खरं. तू काय केलंस? तू पडून हुतास. चाळीस वरीस पडूनच हायस."

माझ्याखाली ऐकत बसलेली गल्लीतली पोरं हसायला लागली. तिने त्यांच्याकडे वळून बघितलं.

"हसतासा काय? मिरीग पंदरा दिसांवर आलाय, आन् एक पाटी काडल्याबगर दुसरी टाकू देनार न्हाय मी ह्या वरसापासनं. गार सावलीला फुकट बसलासा न्हवं दुपारभर? उटा. शिडी मागच्या भितीला हाय, पाट्या कोपऱ्यात."