तीन किलोचा चामडी चेंडू

वेसाव्याच्या सगुणाला कोणी फसवू शकत नाही, असं निदान सगुणाचं स्वतःचं मत होतं. पापलेटाचा कल्ला उचलून पाहिला की तिला कळायचं, मासळी आजची की परवाची. त्यामुळे मुलाला घेऊन पार्ल्याच्या स्टेशनबाहेर खेळाच्या सामानाच्या दुकानात शिरल्यावर दुकानदाराने पुढे केलेली पहिलीच वस्तू ती मुकाट्याने उचलेल, हे शक्यच नव्हतं.

चौऱ्याऐंशी सालचा पावसाळा तोंडावर आला होता. तिचा एकुलता एक मुलगा चंदर हा मामाच्या बोटीवर खलाशी. होळीनंतर बोटीच्या ओल्या फळीवरून त्याचा पाय घसरला आणि उजवा हात दंडात मोडला. हाड जुळलं, प्लास्टरही निघालं, पण प्लास्टरमधून बाहेर आलेला हात काडीसारखा बारीक झाला होता. एवढ्या दांडग्या पोराला देवाने दुसऱ्या कुणाचा तरी हात लावून दिल्यासारखा वाटत होता. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या सुलक्षणाबाई म्हणाल्या, "तीन किलोचा मेडिसीन बॉल आणा. रोज दोन्ही हातांनी छातीपासून जोर लावून फेकायचा. हात भरेल."

भरेल म्हणजे कधी? नारळी पुनव झाली की बोटी पुन्हा दर्यावर जाणार. तोवर जाळं ओढण्याइतकी ताकद आली तर चंदर बोटीवर, नाहीतर सात बंगल्याला कुठल्यातरी बिल्डिंगच्या फाटकावर. वॉचमनकीत वाईट काही नाही. पण चंदरला दर्या सोडून दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही शिकायची त्याची इच्छाही नव्हती.

"हा रबरी घ्या, मावशी," दुकानदार म्हणाला. "स्वस्त पडेल."

सगुणाने चेंडू दोन्ही तळव्यांत फिरवला. "निसटतोय हातातून. दुसरा दाखव."

दुसरा चामड्याचा होता. तपकिरी, जाड तुकडे एकमेकांना शिवलेले, आत चिंध्या ठासून भरलेल्या. सगुणाने जाळं तपासावं तशी त्याची शिवण नखाने ओढून पाहिली, नाकाशी धरला, काउंटरवर आपटला. दुकानदार बिचारा बघतच राहिला.

"मल्लखांबाची मुलं हाच नेतात," तो म्हणाला.

"शिवन बरी हाय. ह्योच दे, तीन किलोचा."

"आये, पाचचा घे गो," चंदर मध्ये पडला. "तीन किलो म्हंजे पोरासोरांचा खेल."

"बाईंनी तीन सांगितलाय. तू काय डाक्टर हाईस?"

चंदरने ऐटीत तीनचा चेंडू उचलला. छातीपर्यंत नेताना उजवा हात अर्ध्यावरूनच खाली यायला लागला, तसा त्याने तो हळूच खाली ठेवला आणि भिंतीवरच्या कॅरम बोर्डांकडे फार बारकाईने पाहू लागला. सगुणाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. अंधेरीपर्यंत आणि तिथून पुढे बसमध्ये चेंडू सगुणाच्याच मांडीवर होता.

पावसाने उघडीप दिली की चंदर किनाऱ्यावर जायचा, वाळूत रेघ मारून फेकायला लागायचा. चेंडू जिथे पडे तिथे एक बांबू रोवलेला. पहिले पंधरा दिवस बांबू सारखा पुढे सरकत होता. चंदर घरी येऊन भाकऱ्या जास्त खाऊ लागला, शिट्ट्या मारू लागला. कोळीवाड्यात त्या चेंडूला सगळे औषधाचा गोळा म्हणत आणि जाता-येता 'आज किती डोस घेतलास रं?' असं विचारत.

सगुणाचंही एक काम ठरलेलं होतं. किनाऱ्यावरून आलेली कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय तिच्या घराचा उंबरा ओलांडत नसे. वाळूने माखलेला चेंडू ती रोज टबात बुडवायची, नारळाच्या काथ्याने खसाखसा घासायची, फडक्याने पुसून चुलीशेजारी ठेवायची. सकाळी कसा लख्ख दिसायचा! पोराच्या हातासाठी आपणही काहीतरी करतोय, याचं तिला फार समाधान होतं. रोज डोक्यावरून मासळीची पाटी वाहणाऱ्या बाईला तो उचलताना काही वेगळं जाणवायचा प्रश्नच नव्हता.

आषाढ सरता सरता बांबू थांबला. मग चेंडू बांबूच्या अलीकडे पडायला लागला. आज हातभर, उद्या दीड हात. चंदरने आधी पावसाला शिव्या दिल्या, मग वाळूला, मग सुलक्षणाबाईंना. शेवटी शिव्या द्यायचंही बंद केलं, आणि सगुणाला तेच जास्त लागलं. शिट्ट्या गेल्या, भाकरी गेली. सगुणा मनातल्या मनात स्वतःलाच कोसत होती. आपणच शहाणपणा केला, रबरी घेतला असता तर? चामडं आपल्याला कुठलं कळतंय? रात्र रात्र तिला तो पोरगा फाटकाशी स्टुलावर बसलेला दिसायचा.

पुनव आठ दिवसांवर आली तेव्हा दशरथ आला. दशरथ सगुणाचा थोरला भाऊ, बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवर त्याचा शब्द शेवटचा. माणूस मायेचा, पण बोटीवर माया चालत नाही, हे तोही जाणून होता.

"चंदर, मानसं ठरवायला बसलोय," तो ओट्यावर टेकत म्हणाला. "तुजी जागा ठेवू ना?"

चंदर आत्ताच किनाऱ्यावरून आला होता. चेंडू अजून त्याच्या हातात होता.

"दुसरा बघ, मामा."

"आरं, पन..."

"दुसरा बघ म्हनतोय ना! पयल्यापेक्षा वाईट झालाय हात. आज दोन हात अलीकडं पडला." आणि त्याने चेंडू अंगणातल्या फरशीवर जीव खाऊन आपटला.

आवाज 'धप्प' असा यायला हवा होता. आला 'पच्च' असा. चेंडूच्या शिवणीतून पाणी आलं. थेंबभर नव्हे, चांगली धार लागली आणि फरशीच्या उतारावरून थेट दशरथाच्या चपलेपर्यंत गेली.



"ह्यात पानी कसं गेलं?" दशरथ म्हणाला.

सगुणाने तोंडावर पदर धरला. "मी धुते ना रोज," ती कशीबशी म्हणाली. "टबात बुडवून."

दशरथाने चेंडू उचलून हातात झुलवला, चंदरकडे पाहिलं, आणि चेंडूसकट रस्त्याला लागला. मागोमाग दोघं. कोपऱ्यावरच्या वाण्याने तांदूळ घेत असलेलं गिऱ्हाईक बाजूला केलं आणि एका पारड्यात चेंडू, दुसऱ्यात दोन आणि एक किलोचं वजन ठेवलं. चेंडूचं पारडं जागचं हललं नाही. वाण्याने आणखी एक किलो टाकलं. तरी नाही. मग वर दोनशेचं ठेवलं, तेव्हा कुठे काटा मधोमध आला.

"सव्वाचारला थोडं कमी," वाणी म्हणाला. "काय विकताय हे?"

 दशरथ आधी गालात हसला, मग पोट धरून हसायला लागला. "आरं येड्या! येवढा जड गोळा फेकत होतास नि हात वाईट झाला म्हनतोस? दुसरा कशाला बघू मी?"

सगुणा दुकानाच्या पायरीवर बसली. इतक्या दिवसांत न आलेलं रडू आता आलं, आणि ते थांबवावं असंही तिला वाटेना. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. तिने चेंडू चुकीचा घेतला नव्हता, पोराचा हात गेला नव्हता. डोळे पुसता पुसता तिने वाण्याला उगाच एक नारळ मागितला, पुनवेला लागेलच म्हणून.

"आये, रडतेस काय गो," चंदर म्हणाला.  मग मामाने नव्या जाळ्याचा विषय काढला, तसा तो तावातावाने बोलू लागला. जाळ्याला शिशाच्या गोळ्या किती बांधायच्या, यावरून दोघांची तिथेच जुंपली. वाण्याला पारडं मोकळं हवं होतं. बोलता बोलता चंदरने पुढे वाकून तो ओलाचिंब चेंडू उचलला, एका हाताने, आणि काखेत मारून मामाबरोबर चालू लागला.

तो उजवा हात होता. चंदरच्या ते ध्यानातही आलं नाही. सगुणाने पाहिलं, आणि त्याला हाक मारून सांगितलं नाही.